पोस्टमनची भुवई

बर्नार्ड कीगनचा अंगठा लागला की रक्त थांबतं, हे मँचेस्टरमधल्या कुठल्याही बॉक्सिंगच्या तालमीत ऐकायला मिळायचं. निदान गेल्या नोव्हेंबरपर्यंत तरी मिळायचं. बर्नी दिवसा भिंतींना गिलावा करायचा आणि संध्याकाळी माणसांना. हा विनोद त्याची बायको मॉरीन हिचा, आणि तिने तो लग्नापासून इतक्या वेळा केला होता की आता त्यावर तीसुद्धा हसत नसे. रिंगच्या कोपऱ्यात उभं राहून फुटलेल्या भुवया, ओठ, गालफडं सांभाळणाऱ्याला कटमॅन म्हणतात. दोन फेऱ्यांच्या मधे त्याला एक मिनिट मिळतं. पहिली दहा सेकंदं बॉक्सर स्टुलावर टेकण्यात जातात, शेवटची दहा उठण्यात. उरलेल्या चाळिसांत जखम कोरडी करायची, अ‍ॅड्रेनलिनमध्ये बुडवलेली कापसाची काडी रक्तवाहिन्या आवळाव्यात म्हणून आत घालून दाबून धरायची, वरून व्हॅसलीन थापायचं आणि माणसाला पुन्हा मार खायला पाठवायचं. एकोणचाळीस वर्षांत बर्नीच्या कोपऱ्यातला एकही बॉक्सर जखमेपायी हरला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे, पण दुसरं कोणी सांगायचं विसरलं तर दिवसभर घुश्श्यात असे.

या एवढ्या नावलौकिकात एक कुसळ होतं. एक्क्याण्णव साली मिक डोलन नावाच्या पोराची भुवई आठव्या फेरीत हाडापर्यंत उघडली. फेरी संपल्यावर रेफरीने डॉक्टरला बोलावलं, आणि डॉक्टर येईपर्यंत बर्नीने ती अशी बंद केली की डॉक्टर नुसता बघून परत गेला. पेपरात बर्नीचा फोटो आला, खाली 'जादूगार' असं लिहिलेलं. मिक आणखी चार फेऱ्या लढला, गुणांवर जिंकला आणि कपडे बदलायच्या खोलीत बाकावरून खाली पडला. त्यानंतर तो चौदा वर्षं बहिणीच्या घरी जगला. त्याला चमचा धरता येत नव्हता. बर्नी दर रविवारी चर्चमधून सरळ तिकडे जायचा, त्याला सूप भरवायचा, तोंड पुसायचा. मिकच्या बहिणीने त्याला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. ते रक्त त्या दिवशी वाहू दिलं असतं तर लढत थांबली असती, एवढं गणित कळायला काही फार शिकावं लागत नाही.

तर गेल्या नोव्हेंबरात लंडनहून टोबी नावाच्या इसमाचा फोन आला. टोबी लढती भरवायचा, पण बॉक्सरांच्या नव्हे. टीव्हीवर, फोनवर ज्यांची थोबाडं दिसतात त्यांच्या. त्या चव्वेचाळीस देशांत एकाच वेळी दाखवल्या जायच्या. त्याला एका कोपऱ्यासाठी 'अस्सल' माणूस हवा होता.

"कोण लढतंय?" मॉरीनने इस्त्री करता करता विचारलं.

"क्रेग हॅलम."

"मालिकेतला पोस्टमन? अरे, सेहेचाळीस वर्षांचा असेल तो. नाचाच्या कार्यक्रमातून दुसऱ्याच आठवड्यात हाकलला होता, गुडघे वाजतात म्हणून. आणि समोर?"

"झिपी."

"हे माणसाचं नाव आहे?"

"चोवीस वर्षांचा आहे. बीन्स भरलेल्या टबात बसून लोकांना फोन करतो. दीड कोटी लोक बघतात."

मॉरीनने इस्त्री उभी केली. "बर्नार्ड, तुझी अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

"पोस्टमनला भुवया आहेतच ना," बर्नी म्हणाला. खरं कारण त्याने सांगितलं नाही. दोन वर्षं झाली, त्याला कोणी कोपऱ्यात बोलावलं नव्हतं. नवे बॉक्सर आपापली माणसं घेऊन येत. त्याचे हात शिवशिवत होते, आणि त्या शिवशिवण्यापुढे त्याची अक्कल खरोखरच थोडी कमी पडली.

वजनाच्या दिवशीच त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. बॉक्सिंगमध्ये वजनकाट्यावर दोन माणसं चड्डीवर उभी राहतात, एकमेकांकडे बघतात, जातात. इथे झिपीने पोस्टमनच्या डोक्यावर बीन्सची बादली ओतली. पोस्टमनने त्याच्या आईवरून असं काही म्हटलं की बर्नीने, आयुष्य तालमीत गेलेल्या माणसाने, मान खाली घातली. आणि मग दोघं पडद्यामागे जाऊन एकाच आरशासमोर उभे राहून केस पुसत, हसत, गप्पा मारत होते. बर्नीला शिसारी आली ती शिव्यांची नव्हे. रागसुद्धा खोटा, याची आली.

लढतीच्या दिवशी दुपारी टोबी त्याला स्टेडियमच्या मागच्या खोलीत भेटला. तिशीचा, गुळगुळीत, दात फार पांढरे.

"बर्नी सर, तुम्ही म्हणजे दंतकथा आहात," तो म्हणाला. "फक्त एक विनंती. रक्त आलं तर सगळंच थांबवू नका."

बर्नीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"म्हणजे जिवाला धोका नको हो, तसं नाही. पण थोडं वाहू दे. चेहऱ्यावर दिसलं पाहिजे. रक्त दिसलं की बघणारे वाढतात, आमच्याकडे आलेखच आहे."

"पोरा," बर्नी म्हणाला, "तू न्हाव्याकडे जाऊन केस कापू नका असं सांगतोस का?"

टोबी हसला, बर्नीच्या खांद्यावर थोपटलं आणि निघून गेला. त्या खांद्यावर कोणीतरी थुंकल्यासारखं बर्नीला वाटत राहिलं. त्याने जाकीट काढून खुंटीला लावलं.

हाताच्या पट्ट्या बांधताना बोलायचं नाही, अशी जुनी रीत आहे. खोलीत शांतता असते. समोरच्या बाजूचा माणूस येतो, पट्ट्यांत काही लपवलेलं नाही ना ते बघतो, वर सही करतो. इथे सही करायला माणूस आला तेव्हा खोलीत चौदा जण होते, एक बाई पोस्टमनच्या छातीला चकाकी येण्यासाठी तेल चोळत होती, आणि पोस्टमनचा मावसभाऊ डीन फोन उंच धरून जगाला सांगत होता की आता आम्ही पट्ट्या बांधतोय. हाच डीन कोपऱ्याचा मुख्य होता. कोपऱ्यात मुख्याचा शब्द चालतो. लढत सोडली याची खूण म्हणून रिंगमध्ये टाकायचा टॉवेल त्याच्याकडे, रेफरीशी बोलायचा हक्क त्याचा. कटमॅनने जखम बघायची आणि तोंड बंद ठेवायचं. डीनने याआधी केसांना लावायचं मलम विकलं होतं.

एवढ्या गोंधळात पोस्टमन मात्र बर्नीकडे वळून हळूच म्हणाला, "फार लागतं का हो?"

बर्नीने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तेलाखाली घाम फुटला होता. "हात वर ठेव," बर्नी म्हणाला. "हसतोस तेव्हा खाली येतात ते."

पहिल्या फेरीत दोघांनी मिळून एकही धड ठोसा मारला नाही. दोन गाई दावं तोडून भिडाव्यात तसे ते एकमेकांवर रेलत होते, आणि वीस हजार माणसं फोन वर धरून ओरडत होती. दुसऱ्या फेरीत डोक्यावर डोकं आपटलं आणि पोस्टमनची डावी भुवई फाटली. फेरी संपल्यावर बर्नी दोरांतून आत शिरला. चाळीस सेकंदं. काडी, दाब, व्हॅसलीन. त्याचं वय त्या चाळीस सेकंदांत कुठे गेलं कोण जाणे. पोस्टमन उठला तेव्हा भुवईवर एक चकाकता ठिपका होता, बाकी काही नाही. खाली कॅमेऱ्यांजवळ टोबी दोन्ही हात पसरून उभा होता, हे काय केलंत, अशा अर्थाने. बर्नीला झालेला आनंद साधा नव्हता, त्यात भरपूर खुन्नस होती.

तिसऱ्या फेरीत मात्र बीन्सवाल्याला सूर सापडला. तो चोवीस वर्षांचा होता, बस्स, एवढंच कारण पुरलं. त्याने पोस्टमनला कानामागे एक मारला, मग तसाच आणखी एक, मग मोजायचं सोडून द्यावं इतके. पोस्टमन पडला नाही. पडला असता तर बरं. तो उभ्या उभ्या खात राहिला, आणि प्रत्येक ठोशानंतर हात खाली करून हसला, कारण हसायचं असतं हे त्याला अकरा वर्षांच्या मालिकेने शिकवलं होतं. भुवई पुन्हा उघडली.

घंटा झाल्यावर तो चुकीच्या कोपऱ्याकडे निघाला. रेफरीने वळवून आणलं. स्टुलावर बसून त्याने बर्नीकडे पाहिलं आणि अगदी लाडाने म्हणाला, "आई, दूध आणलंस का?"

डीन खो खो हसला. "बघा, अजून विनोद सुचतायत याला."

"विनोद नाहीये हा," बर्नी म्हणाला. "टॉवेल टाक."

"वेडा झालास का? सत्तर लाख लोक बघतायत."

"टॉवेल टाक म्हणतोय."

"तू तुझी भुवई बघ, म्हाताऱ्या."

बर्नीने रीत मोडली. कोपऱ्याशी आलेल्या रेफरीला तो सरळ म्हणाला, "हा शुद्धीत नाही." रेफरी वाकला. "क्रेग, कुठे आहेस तू? काय चाललंय इथे?" पोस्टमनने क्षणभर डोळे मिटले, मग मान वर केली, मोठ्या पडद्यावर स्वतःचं तोंड दिसलं, आणि हात उंचावून मालिकेतलं त्याचं ते वाक्य फेकलं, "दार उघडा, टपाल आलंय!" वीस हजार लोकांनी छत डोक्यावर घेतलं. रेफरी हसून मागे सरकला. ते वाक्य पोस्टमनने अकरा वर्षं रोज म्हटलं होतं. ते म्हणायला डोकं लागत नव्हतं. हे रेफरीच्या ध्यानात आलं नाही.

पंचवीस सेकंदं उरली होती. बर्नीच्या कानामागे अ‍ॅड्रेनलिनची काडी तयार होती. भुवईची जखम जेमतेम बोटाच्या पेराएवढी, त्याच्या अंगठ्याला झोपेतही जमेल अशी. बंद केली की हा माणूस चौथ्या फेरीत उभा राहणार, हसणार आणि कानामागे खाणार. त्याच्या जिभेवर मिकच्या सूपची चव आली, गाजराची, कोमट. त्याने कानामागची काडी काढलीच नाही. दुसरी, नुसत्या पाण्यातली घेतली. दाबायचं सोडून नुसतं पुसलं. पुसायच्या फडक्याचा कोपरा असा ओढला की जखमेच्या कडा फाकल्या. व्हॅसलीन भुवईला सोडून कपाळावर लावलं. त्याचे हात चळचळा कापत होते, आणि कॅमेरा अगदी जवळून ते कापणं टिपत होता.

चौथ्या फेरीच्या पाव मिनिटातच पोस्टमनचा डावा डोळा रक्ताने भरला. टोबी आनंदाने नाचत होता. बर्नीने त्याला हवं होतं नेमकं तेच केलं होतं, आणि याची बर्नीला किळस आली. आणखी वीस सेकंदं गेली. रेफरीने लढत थांबवून डॉक्टर बाईंना वर बोलावलं. त्यांनी टॉर्च मारला, दोनदा पुसलं, दोन्ही वेळा रक्त परत आलं. त्यांनी मान हलवली. लढत संपली. टोबीचं नाचणंही तिथेच थांबलं.

पोस्टमन रिंगमध्येच माईकवर रडला. "मी जिंकत होतो. मला झिपीने नाही हरवलं. या थेरड्याने हरवलं. बघा त्याचे हात." मोठ्या पडद्यावर बर्नीचे हात पुन्हा दाखवले, सावकाश, तीनदा. डॉक्टर बाई खाली उतरताना बर्नीजवळ थांबल्या. "एवढीशी जखम होती, मिस्टर कीगन," त्या म्हणाल्या. बर्नी खाली वाकून काड्या गोळा करू लागला. जाणूनबुजून जखम सोडणारा कटमॅन म्हणजे लढत विकणारा माणूस. कारण काहीही असो, लायसन्स जातं आणि तालमीची पायरीही चढू देत नाहीत. त्या पायऱ्या उतरून गेल्या.

पुढचे दिवस बर्नीचे फार वाईट गेले. त्याच्या थरथरत्या हातांच्या व्हिडिओवर कोणीतरी गाणं चढवलं होतं. ब्राझीलमधली पोरं हातात व्हॅसलीन घेऊन तसं थरथरून दाखवत होती. तालमीतले जुने सोबती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "होतं रे असं, वय झालं," आणि ही दया त्याला शिव्यांपेक्षा घाण वाटायची. टोबीचा निरोप आला: नव्वद लाख लोकांनी हात पाहिले, पुढच्या वेळीही या, असेच. मॉरीनने तो निरोप मोठ्याने वाचला आणि फोन उशीखाली घातला. तिलाही त्याने खरं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का हात?" तो म्हणाला, "दाखवू."

अकराव्या दिवशी दुपारी पोस्टमन तालमीत आला. भुवईवर टाके, डोळ्याखाली पिवळं पडलेलं. मागे डीन, काठीला फोन लावून, थेट प्रक्षेपण चालू. बर्नी बाकावर बसून पट्ट्या गुंडाळत होता.

"हा बघा, मित्रांनो," पोस्टमन म्हणाला. "हाच तो. काय रे म्हाताऱ्या, नाव काय तुझं?"

"बर्नार्ड कीगन."

"तर कीगनसाहेब, मार्चमध्ये मी परत लढतोय. आणि यावेळी बेलफास्टहून खरा कटमॅन आणलाय. एक थेंब पडू देणार नाही, म्हणालाय." मग त्याने शिव्या दिल्या, बऱ्याच दिल्या. डीन मधूनमधून बघणाऱ्यांचा आकडा सांगत होता. बर्नी ऐकून घेत होता. बोलणं साफ होतं, शब्द अडत नव्हते. बर्नीच्या छातीवरचं ओझं जरा उतरतंय असं वाटत असतानाच पोस्टमन थांबला, बाकावरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बरं, तुझं नाव काय?"

"बर्नार्ड कीगन."

"हां. तर मार्चमध्ये मी परत लढतोय. बेलफास्टहून माणूस आणलाय." सगळं पुन्हा, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. डीनला वाटलं मुद्दाम चाललंय. तो मान डोलवत होता. ते संपलं, आणि पोस्टमनने तिसऱ्यांदा नाव विचारलं.

बर्नीने पट्टी खाली ठेवली. बेलफास्टचा तो माणूस त्याला माहीत होता. हात चांगला होता त्याचा. खरोखर एक थेंब पडू दिला नसता.

"डीन, तो फोन इकडे कर," बर्नी म्हणाला. "मी बर्नार्ड कीगन. त्या दिवशी या माणसाची जखम मला बंद करता येत होती. मी केली नाही. काडी कानामागे होती, पाण्याची वापरली. जखम मी मुद्दाम फाकवली. हात कापले ते म्हातारपणाने नाही, असलं काम कधी केलं नव्हतं म्हणून. हा शुद्धीत नव्हता. मला आई म्हणाला, दूध आणलंस का विचारलं. आत्ता त्याने माझं नाव तीनदा विचारलंय, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. माझं लायसन्स घ्यायचं तर घ्या. पण याला रिंगमध्ये पाठवू नका."

फोनच्या काचेवर बघणाऱ्यांनी पाठवलेले हसरे चेहरे भराभर वर चढत होते. पोस्टमन हसायला गेला आणि राहिला.

"दूध?" तो म्हणाला. "मी असं म्हणालो?"

"म्हणालास."

"आणि आत्ता... तीनदा?"

"तीनदा. उद्या डोक्याची तपासणी करून घे. मी येतो बरोबर."

पोस्टमन बाकावर बसला. त्याने टाक्यांवर हात ठेवला, काढला. कॅमेऱ्यासाठी ठेवणीतलं जे काही त्याच्या तोंडावर कायम असायचं ते उतरलं होतं, आणि खाली सेहेचाळीस वर्षांचा घाबरलेला माणूस होता.

"डीन, बंद कर ते," तो म्हणाला.

"तीन लाख झालेत," डीन म्हणाला. "रडायला येतंय का बघ जरा."

"डीन, बंद कर."

"एकच मिनिट," डीन म्हणाला, आणि फोन आणखी जवळ आणला.